पुसलेला चेहरा

हिंमतराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची बायको, विमलाबाई, गेली. दिवस सरेना म्हणून त्यांनी एका चित्रकला महाविद्यालयात दारावरची नोकरी धरली. तिथे शिकवणाऱ्या चैतालीनं एकदा सरळ विचारलं, "काका, मला तुमचं चित्र काढायचंय. अंगावर कपडे नसताना. बसाल?"

आठ दिवस त्यांनी तो विषय टाळला. मग हो म्हणाले आणि तिनं दिलेल्या संमतीपत्रावर सही केली.

नारायण पेठेतल्या तिच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी अंगावरचा टॉवेल सोडायला त्यांनी बराच वेळ लावला. पण चैताली त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे, वाकलेल्या खांद्यांकडे, हर्नियाच्या व्रणाकडे इतकं मन लावून बघायची की हळूहळू लाज गेली. विमलाबाई गेल्यापासून त्यांच्याकडे एवढं नीट कुणी पाहिलंच नव्हतं. मुलीला, नम्रताला, मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

चैतालीच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी चित्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. नम्रताचं लग्न विश्वजीतशी ठरलं होतं. संध्याकाळी त्याच्या आईचा, आनंदीबाईंचा, फोन आला.

"फोटो पाहिला. सगळंच दिसलं. आता तुमच्याकडचं काही बघायचं राहिलेलं नाही."

नम्रता खराडीहून ऑफिस अर्धवट टाकून आली. "बाबा, आमच्या टीमच्या ग्रुपवर तुम्ही आहात. असे. सही करताना माझी एकदाही आठवण आली नाही?"

हिंमतराव तसेच रिक्षा करून गॅलरीत चैतालीकडे गेले.

"मॅडम, निदान चेहरा पुसा."

"काका, दोन वर्षांचं काम आहे हे. चेहरा गेला तर उरेल काय?"

चौसष्ट वर्षांचा तो माणूस तिच्या पायांवर कोसळला. चैताली घाबरून मागे सरकली. "उठा! काका, उठा आधी!" तिनं पिशवीतून करडा रंग काढला, पण तिचा हात उचलेना. मग ब्रश हिंमतरावांनीच घेतला. डोळे, नाक, तोंड, सगळं त्यांनी भराभरा झाकून टाकलं. चैताली भिंतीकडे तोंड करून रडत होती.

पुसलेल्या चित्राचा फोटो त्यांनी आनंदीबाईंना पाठवला. उत्तर आलं नाही. चार दिवसांनी लग्न मोडल्याचा निरोप आला. नम्रतानं बॅग भरली.

"चेहरा पुसून काय होतं, बाबा? मला तुमचे हातसुद्धा ओळखता येतात."

ती खराडीला मैत्रिणीकडे राहायला गेली. त्यांचे फोन ती उचलेना.

पंधरा दिवसांनी हिंमतराव पुन्हा नारायण पेठेत चैतालीच्या स्टुडिओत गेले. "चेहरा परत काढा," ते म्हणाले. "मुलगी गेली, अब्रू गेली. आता भिंतीवर मी तरी राहू दे. चित्रातला तो बिनचेहऱ्याचा मुडदा वाटतोय."

"आठवणीतून नाही जमायचं, काका. बसावं लागेल."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि हात तिथेच अडकला.

"राहू दे," चैताली म्हणाली. "नुसता चेहराच हवाय."

ते स्टुलावर बसले. डोळ्यांतून पाणी थांबेना. "हे कसं काढणार तुम्ही?"

"दिसतंय तसं," ती म्हणाली आणि कोळसा हातात घेतला.