भेगेच्या काठचा ट्युलिप

मी डोंगरावरचा ट्युलिप. माझं फूल वर्षातून जेमतेम आठवडाभर दिसतं. बाकीचा सगळा काळ मी म्हणजे मातीतला एक तपकिरी कंद, कांद्याएवढाही नाही. आत्ता बोलतोय तोही मातीतूनच, आणि भीतभीत.

माझा जन्म ओश शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका कुरणातला. बी रुजल्यापासून पहिलं फूल येईपर्यंत कितीतरी हिवाळे गेले. ते फूल आलं तेव्हाच उमसुनाय मेंढ्यांमागे तिथं आली होती. नुकतीच लग्न होऊन आलेली, सासरी जीव रमत नव्हता. तिनं मला मुळांसकट उकरलं, डोक्याच्या रुमालात बांधलं आणि उताराच्या पायथ्याशी असलेल्या घरी आणलं.

परसात, जर्दाळूच्या झाडापलीकडे, तिनं नदीतले दगडगोटे रचून उंचवटा केला. आम्हा डोंगरी झाडांना साचलेलं पाणी सोसत नाही. माझ्या शेजारी पिवळे प्रिम्युला आले, बुटके निळे आयरिस आले. सासू, बत्मा आपा, दारात बसून बघायची. "लोक परसातले दगड वेचून बाहेर टाकतात," ती शेजारणीला म्हणाली, "आमची सून बाहेरचे वेचून आत आणते." पण बर्फ वितळल्यावर पहिलं फूल उमललं की सुनेला हाक मारायची ती आपाच.

अशी वर्षं गेली. माणसांची एक गोष्ट मला तिथं कळली. ज्याची फार भीती वाटते, त्याबद्दल ती बोलतच नाहीत. परसामागचा उतार मऊ मातीचा होता. शेजारच्या खोऱ्यात असाच एक उतार घरांवर आला होता. त्यानंतर गावाला खाली मैदानात जागा मिळाली. बरेच जण गेले, आणि तिथं कुरण नाही, पाणी नाही म्हणून परतले. उमसुनायचा नवरा साबिरकुल त्यातलाच. जेवताना डोंगराचा विषय निघाला की तो चहा मागायचा.

गेल्या वसंतात बर्फ उशिरा वितळलं आणि त्यावर पाऊस लागून राहिला. माझ्याखाली जिथं कधी ओल नव्हती, तिथं पाणी वाहू लागलं. मग वरच्या अंगाची मुळं ताणली गेली आणि एकेक करून तुटली. झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण कुणी हळूच ओढावं, तशी माती मला खाली ओढत होती. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत. फुलता येत होतं, तेवढं केलं. तेही कललेल्या देठावर.

उमसुनाय फुलं बघायला आली आणि थबकली. दगडांची रांग मधोमध फाकली होती. तिनं भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. जाता जाता तिची बोटं मला लागली.

साबिरकुल म्हणाला, भेगा दरवर्षी पडतात, पाऊस थांबला की बुजतात. तिनं वाद घातला नाही. त्याला मनगटाला धरून आणलं आणि त्याचा हात भेगेत घातला. आतून पाण्याचा आवाज येत होता. त्यानं हात बाहेर काढला आणि चिखल विजारीला पुसला.

"गाय सोड," तो म्हणाला. "मी आईला उठवतो."

आपा उठेना. माझा म्हातारा इथल्या मातीत आहे, तुम्ही जा, असं तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. मुलानं विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. मग उमसुनाय आत गेली. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"आपा, तुम्ही राहिलात तर मी राहणार. मी राहिले तर तुमचा मुलगा राहणार. किती जणांना घेऊन बसताय ते बघा."

मग आपाचा आवाज आला, "लग्न होऊन आलीस तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता तुझ्या. माझे जोडे कुठं टाकलेत?"

आपाला गाढवावर बसवलं, गोधड्या बांधल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारत सगळे निघाले. आणि उमसुनाय मागं फिरली. हातात खुरपं. माझ्या बाजूला तिनं ते खुपसलं, तेवढ्यात वर धान्याचं पोतं ओतल्यासारखा आवाज झाला. साबिरकुलनं एकदाच तिचं नाव घेतलं. खुरपं टाकून ती धावली. मी पळ, पळ म्हणत होतो, पण कुणाला ऐकू जाणार?

मग डोंगर आला. उजेड गेला, दगड गेले, वर काय आणि खाली काय कळेना. थांबलो तेव्हा आडवा झालो होतो आणि जर्दाळूचं एक मूळ माझ्यावर पडलं होतं.

माणसं वाचली. हे मला त्यांच्या पावलांवरून आणि बोलण्यावरून कळलं. घराचा मागमूस राहिला नाही. मी फार खोल नाही. थंडी पोचते माझ्यापर्यंत. उमसुनाय खालच्या वस्तीतून येते आणि खणत बसते. परवा साबिरकुल तिला न्यायला आला होता. कुरणातून दुसरा आणून देतो, म्हणाला.

"तो दुसरा असेल," ती म्हणाली, आणि पुन्हा खणू लागली.

तिला माहीत नाही, पण पाणी अजून वाहतंय. वरचा अर्धा उतार नुसता टेकून उभा आहे, आणि ती खाली त्याच्याकडे पाठ करून बसते.

माझ्यात कोंब तयार आहे. पण त्याचं टोक तिला दिसलं, तर ती इथून हलणार नाही. म्हणून यंदा मी वर येणार नाही. उमसुनाय, ऊठ बाई. खाली जा. आपा जेवायची खोळंबली असेल.