बरणीतली एकटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मांडीवर एक काचेची बरणी होती. बरणीत पाणी, पाण्यात नखाएवढी गोगलगाय. जिच्या बरणीला आतून अंड्यांचे जेलीसारखे ठिपके चिकटलेले, ती बरणी उंच धरून उभी राही आणि बाकीच्या डोळे पुसत.

“एकटीच आहे ना ही?” व्यासपीठावरून पाणीबाबा विचारत होते. “जोडीदार दिला होता मी? तरी हिची कूस उजवली. तुमचीही उजवेल. फक्त त्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा. गोळीला आशीर्वादाचा राग येतो.”

थोरली मागच्या भिंतीला टेकली होती. तिचं शोभेच्या माशांचं दुकान. दिवसभर टाक्या घासून खांदा भरून आला होता, आणि घासायच्या त्या याच गोगलगायींपायी. पाणवनस्पतीच्या पानाला चिकटून एक आली की थोड्याच दिवसांत टाकीभर पिलावळ. तिला हसायचंही त्राण नव्हतं.

ती आली होती धाकट्या जावेसाठी. धाकटीला मूल होत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले आणि नवऱ्यालाही तपासून घ्यायला सांगितलं. तेव्हापासून तपासणीचा विषय निघाला की भाऊजी चपला शोधायला लागत. पाणीबाबा मात्र त्यांना पहिल्या भेटीतच पटले. बरणी त्यांनीच आणली. तिच्यात ठिपके उमटले आणि धाकटीच्या गोळ्या कचऱ्यात गेल्या. उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

थोरलीने घरी पुन्हा वाद घातला नाही. घालून थकली होती. त्या दिवशी तिने बाबांपुढे लिंबाएवढी, पिवळी गोगलगाय ठेवली. अंड्यातून निघाल्यापासून वेगळी वाढवलेली. बाबा खूश झाले. मोठ्या जीवाला मोठं फळ, म्हणत त्यांनी तीनदा फुंकर मारली.

ती बरणी थोरलीने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. शेजारी दुसरी, तिच्यात दुकानातल्या टाकीतलं मोहरीएवढं पिल्लू. याच्याकडे बघून कुणी साधं शिंकायचंही नाही, अशी घरात ताकीद होती. पुढच्या दोन मेळाव्यांना ती गेलीच नाही. तिसऱ्याला दोन्ही बरण्या घेऊन गेली. धाकटी आणि भाऊजी होतेच.

मोहरीएवढीची आता नखाएवढी झाली होती आणि काचेवर ठिपके होते. पिवळीने खाऊन खाऊन पाणी घाण केलं होतं, बाकी काही नाही.

“तुझ्या मनात शंका होती,” बाबा म्हणाले. “म्हणून मोठी अडली.”

“शंका दोघींवर सारखीच होती, महाराज. आशीर्वाद मात्र या मोठीला, आणि अंडी त्या छोटीने घातली.”

मग ती बायकांकडे वळली. सांगितलं, की बाबा देतात त्या लहान गोगलगायीत नर आणि मादी एकाच अंगात असतात. जोडीदार भेटला तर ठीक, नाही तर ती आपलं आपण भागवते. पिवळीच्या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. जन्मापासून एकटी ठेवली तर कितीही फुंका, पिल्लू होणार नाही. “चमत्कार वाटला तर आधी विचारा, बाबांशिवायही हे होतं का? घरी करून बघा, बरणी तर आहेच. आणि बघून होईपर्यंत गोळ्या तरी सोडू नका.”

दोघीतिघींनी बरण्या खुर्चीखाली सरकवल्या. बाकीच्या पुढच्या नंबराची वाट बघत बसून राहिल्या. थोरलीला वाईट वाटलं, नवल वाटलं नाही.

धाकटी बरणीकडे बघत होती. “म्हणजे हिला नवरा लागतच नाही, ताई?”

“नाही. तुला लागतो. म्हणून तपासणी दोघांची.”

भाऊजी केव्हाच दाराशी पोचले होते. चपलांच्या ढिगात वाकून काहीतरी शोधत होते. धाकटी शांतपणे त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. तिच्या एका हातात बरणी होती, दुसऱ्यात त्यांच्या चपला.

“शोधू नका,” ती म्हणाली. “माझ्याकडे आहेत. दवाखान्यात गेल्यावर देते.”