हज्जा लुलवा

याकूबच्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, हेच खरं.

"आत्या, बँकेच्या हिशेबावर माझी सही असते. नफा खरा म्हणजे खराच!" बलालीतच्या गोड शेवया खाता खाता तो बोलून गेला होता. लुलवा आत्याने नवऱ्यामागे त्याचं दुकान विकलं आणि आलेले दिनार याकूबच्या बँकेत ठेवले. तिथे व्याज नाही. बँक धंदा करणार, नफा झाला तर वाटून घ्यायचा, तोटा झाला तर ठेवीदाराच्या माथी. मुहर्रक शहरात, त्यांच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठेवीला हात न लावता नुसत्या नफ्यावर आत्या हजला जाऊन आली.

नफा कसला, कपाळ! बँकेची एक जमीन होती, समुद्रात भर घालून व्हायची होती. भर पडली नाही, गिऱ्हाईक आलं नाही, पण कागदावर तिचा भाव दरवर्षी चढायचा. "बाजार उठेल रे, लिही तू," साहेब म्हणायचे आणि याकूब लिहायचा. ती वाढ नफा म्हणून वाटली गेली. रोकड मात्र नव्या ठेवीदारांची. धर्माचे नियम बघणाऱ्या शेखांनी कुठे व्याज आहे का तेवढं तपासलं. भाव कुठून आला, हे एकानेही विचारलं नाही. विचारायचं होतं ना, भल्या माणसांनो!

यंदा जमीन मिळेल त्या भावाला विकली आणि आत्याची निम्मी ठेव गेली. याकूब स्वतः सांगायला गेला. आत्याने शांतपणे कॉफी ओतली.

"गेले तर गेले. तोटा करारातच होता, तुला काय फाशी देऊ? खजूर घे." मग तिचा हात थांबला. "पण हजला हक्काचाच पैसा चालतो. मी ज्यावर गेले, तो नफा खरा होता ना रे?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण 'खरा' हा शब्द त्याने आधीच एकदा नासवला होता.

"नव्हता, आत्या. दुसऱ्यांची ठेव होती ती. मला ठाऊक होतं."

तिने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात बाहेरून शेजारीण ओरडली, "हज्जा, ए हज्जा, मासळीवाला आलाय!" हजहून आल्यापासून सगळी गल्ली तिला याच नावाने हाक मारायची, आणि दर वेळी ती लाजून हसायची.

आत्या उठून दारापर्यंत गेली.

"हज्जा म्हणू नकोस गं," ती म्हणाली. "नुसतं लुलवा म्हण."