माणसात बसायची पुडी

भादव्याच्या उन्हानं हरणं काळी पडतात म्हणतात. त्या दिवशी माणसंही पडली असती. सिरसाळ्याच्या अलीकडच्या वाडीत दोघा भावांच्या सामाईक रानात कापसाची खुरपणी चालली होती. भुईला भेगा पडायच्या बेतात होत्या, ढेकूळ खुरप्याला दाद देत नव्हतं. पात, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाट्याची ओळ, निम्म्यावर आली अन् धाकट्या आश्रुबानं खुरपं तिथंच मातीत खुपसलं, तांब्या उचलला आणि बांधाकडं निघाला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

"चालले बघा नवाब," थोरला बद्रीनाथ साऱ्या रानाला ऐकू जाईल असं बोलला. "खायला म्होरं अन् पातीला मागं. तुजी पात तुजा बाप काडनार का बे?"

"बाप दोगांचा एकच व्हता, दादा," आश्रुबा न थांबता म्हणाला. थांबणं त्याच्या हातात नव्हतं.

त्याची बायको केसरबाई शेजारच्या पातीला होती. तिनं आपली पात धरली, नवऱ्याची पण धरली. खुरपं मात्र असं मारायला लागली की गवत मुळासकट उपटून बद्रीनाथच्या पायापाशी पडावं.

एके काळी हाच आश्रुबा ज्वारीचं पोतं एकटा पाठीवर घेऊन माळवदावर चढायचा. दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडायला गेलता, तिथं डबक्यातलं पाणी प्यायला, अन् हागवण घेऊन घरी आला. ती काही गेली नाही. चार दिवस बरे जायचे, पुन्हा सुरू. अंगावरचं मांस उतरलं, डोळे खोल गेले. देवऋषी झाला, लिंबू उतरून झालं, कोंबडं गेलं. घर फिरलं की वासे फिरतात, तसं भावजयीचं झालं. चंद्रभागाबाईनं त्याचं ताट वेगळं केलं, दूधदुभतं त्याच्या वाटणीचं बंद केलं. "पोटात ठरत न्हाई तर घालायचं कावून?" असं ती शेजारणींत उघड बोलायची. लग्नाकार्याला आश्रुबा जाईनासा झाला. पंगतीतून उठावं लागलं की पोरं हसायची.

शेवटी केसरबाईनंच त्याला सिरसाळ्याच्या बाजाराला नेलं. तिथं एक म्हातारा अत्तार पालाखाली जडीबुटी मांडून बसायचा. त्यानं आश्रुबाची जीभ बघितली, नखं बघितली.

"आव पडते? कधी रगत?"

"आव पडते. रगत आता न्हाई."

अत्तारानं कुड्याची साल, वाळल्या बेलफळाचा गर आणि थोडी सुंठ कुटून पुड्या बांधल्या. गरिबालाही परवडावं असंच ते होतं. साल बालाघाटाच्या डोंगरात फुकट, कुटायचीच काय ती मेहनत. "ताकात घ्यायची. तिखट सोड, दूध तर शिवू नको. बरा होशील असं मी म्हनत न्हाई, लबाडी कशाला. सोडली की पुन्ना सुरू होईल. पन माणसात बसशील."

पुडी इतकी कडू की पहिल्या दिवशी आश्रुबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आठवड्याभरात पोट धरायला लागलं. दसऱ्याच्या सुमाराला तर तो सकाळचा एकदा जाऊन आला की दुपारपर्यंत औत हाकायचा. केसरबाई ताक दुसऱ्या घरून मागून आणायची अन् पुड्या लुगड्याच्या गाठीला बांधून हिंडायची, कारण घरात ठेवलेल्या पहिल्या पुड्या शेणाच्या खड्ड्यात सापडल्या होत्या. कुणी टाकल्या ते तिनं विचारलं नाही, चंद्रभागाबाईनंही सांगितलं नाही.

अन् तेवढ्यात तेलगावकडं पटकी लागली, जुलाब-उलट्या होऊन माणसं एका दिवसात मरायला लागली. बाजार बंद झाले. रोगी असला तर गावाबाहेर काढा, असा वरून हुकूम आला. वाडीत भीतीनं माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. दुसऱ्याच दिवशी बद्रीनाथ चावडीवर गेला आणि पाटलासमोर उभा राहून म्हणाला, "लांब कशाला जायाचं, भगवानराव. आमच्याच घरात हाय. त्याला शिवंबाहेर घाला, न्हाईतर सारं गाव जाईल."

सख्खा भाऊच बोलतोय म्हटल्यावर माणसं जमली. आश्रुबाला बोलावणं गेलं.

"मला जुनी हागवण हाय, पाटील. गावाला ठावं हाय," आश्रुबा म्हणाला. "पटकी असती तर मी कवाच मेलो असतो."

"ते आमाला काय कळतंय?" गर्दीतून कुणीतरी बोललं. "हागवन ती हागवन. खोपटं बांधून द्या वड्यापल्याड."

भगवानराव पाटील माणूस दयेचा नव्हता, पण आडमुठाही नव्हता. त्यानं मिशी चोळली. "पटकीवाला घडीभर दम काडत न्हाई. उद्या दिस उगवल्यापास्नं मावळस्तवर हितं चावडीत बसायचं. समद्यांच्या म्होरं खायाचं. उटलास तर तसाच शिवंबाहेर, बायको घेऊन. बोल, हाय कबूल?"

"हाय," आश्रुबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर जाऊन, पुडी घेऊन तो चावडीच्या खांबाला टेकून बसला. अर्धं गाव कामधंदा सोडून आलं होतं. बैल बसतो का उठतो याच्यावर पैज लावावी तशी माणसं त्याच्याकडं बघत होती. केसरबाई समोरच्या लिंबाच्या कडेला, उन्हातच फतकल मारून बसली. तिला कुणी सावलीत सरकायला जागा दिली नाही.

दुपारी बद्रीनाथ ताट घेऊन आला. भाकरी कुस्करलेली, वर काठोकाठ दूध आणि गूळ. "भावजयीनं दिलंय. उपाशी बसू नगंस."

आश्रुबानं ताटाकडं बघितलं, मग भावाकडं. "वर्सं झाली, दादा, तुज्या घरात मला दूध दिसलं न्हाई. आज गावादेखत पाजतूस?"

"बगा, भितंय," बद्रीनाथ लोकांकडं वळून म्हणाला. "पोटात ठरनार न्हाई ते त्याला ठावं हाय."

"कोरडी भाकर दे. ती खातो."

"खायाचं तर समदं खा," मागून आवाज आला. पाटील मिशी चोळत राहिला. केसरबाई उठून उभी राहिली. आश्रुबानं तिला हातानंच बस म्हणून खुणावलं, अन् ताट ओढून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. दूध बोटानं पुसून घेतलं. सारा वेळ तो भावाकडं बघत होता, बद्रीनाथ मात्र जमिनीकडं.

ऊन कललं तसं पोटात कालवायला लागलं. आतून कुणी दावं पिळावं तशी कळ यायची, जायची, पुन्हा यायची. कपाळाला घाम फुटला. त्यानं मांडी आवळली, पाठ खांबाला रेटली.

"घाम आला बे त्याला," कुणी म्हणालं.

"उनानं आला," आश्रुबा म्हणाला. "तुला न्हाई आला?"

डोळे मिटले तर लोक म्हणतील गळाठला, म्हणून त्यानं ते मिटले नाहीत. समोर केसरबाईचं तोंड होतं, तिनं पदर दातांत धरला होता. तो तेवढंच बघत राहिला. पुडीनं जेवढं धरलं तेवढं धरलं, बाकीचं त्यानं धरलं.

दिवस डोंगराआड गेला. पाटील उठला, धोतर झटकलं. "पटकी न्हाई. ऱ्हाऊ द्या त्याला गावात."

कुणाला आनंद झाल्याचं दिसलं नाही. दिवस फुकट गेला अशा तोंडानं माणसं पांगली. आश्रुबा खांबाला धरून उभा राहिला. बद्रीनाथ वाटेतच होता.

"सर, दादा," तो हळू म्हणाला. बद्रीनाथ सरला.

चावडी गावाच्या एका टोकाला, ओढा दुसऱ्या. दारादारात बायका उभ्या होत्या, चंद्रभागाबाईही होती. आश्रुबा त्या सगळ्यांच्या पुढून चालत गेला. कळ आली की पाऊल लहान पडायचं, पण पडायचं. कुणी तोंड फिरवलं, त्यालाही त्यानं रामराम घातला. केसरबाई तांब्या घेऊन आडवाटेनं पळत आधीच ओढ्यावर पोचली होती. शेवटचं घर मागं पडलं, बाभळी आल्या, मग मात्र तो धावला.

बऱ्याच वेळानं बाभळीमागून त्याचा आवाज आला. "कुनी हाय का तिकडं?"

"मीच हाय," पाठ करून उभी असलेली केसरबाई म्हणाली. पुढं बोलली ते रागानंच. "उद्यापास्नं चूल येगळी. रान बी वाटून घ्या. त्या घरचं पानीसुदिक मला नगं."

"घिऊ," आश्रुबा म्हणाला. "आदी तांब्या दे हिकडं."