हॅटच्या पट्टीखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी हॅट आहे. रंग तपकिरी, काठ रुंद, आणि माथ्यावर मधोमध एक खळगा. मला कोणी विणले नाही, की कापून शिवले नाही. मी नमद्याची आहे, म्हणजे गरम साबणाच्या पाण्यात लोकर भिजवून, दाबून, चोळून केलेली. घडले तेव्हा आतली कातडी पट्टी आणि बाहेरची फीत सोडली तर माझ्या अंगावर एक टाकाही नव्हता.

माझा जन्म एका अरुंद रस्त्यावरच्या टोपीवाल्यांकडे झाला. खाली त्यांचा कारखाना आणि वरच्या मोठ्या खोलीत बँडची तालीम. टोपीवाले कसबी माणूस, पण बोलण्याच्या बाबतीत तोंडात मिठाची गुळणी. नमद्याचा विषय निघाला तरच त्यांची जीभ सुटे. कोणे एके काळी एका मेंढपाळाने पाय दुखू नयेत म्हणून जोड्यात लोकर कोंबली, दिवसभर चालला, आणि संध्याकाळी पाहतो तर तिचा नमदा झालेला, असे ते सांगत. खरेखोटे तो मेंढपाळच जाणे. म्हणजे आमचे कूळ डोक्याचे नव्हे, पायाचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. पुढे गाडीवानापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांनी आम्हाला डोक्यावर घेतले. काठाच्या रुंदीवरून माणसाचा धंदा ओळखू येई. वडीलधारे समोर आले की हॅट उतरे, प्रेतयात्रा जाताना ती छातीशी धरली जाई, आणि दाराजवळच्या खुंटीवर दिसली की घरधनी घरात आहे हे शेजाऱ्यांना न विचारता कळे.

मला घडवले ते टोपीवाल्यांच्या मुलीने. बापाच्या हाताखाली तिने पुष्कळ काम केले होते, पण मापापासून फितीपर्यंत एकटीने केलेली मी पहिलीच. गिऱ्हाईक म्हणजे वरच्या मजल्यावरचे बँडमास्तर. त्यांच्या डोक्यावर केसांचे जंगल होते. तिने जाड कागदाची पट्टी त्या जंगलाभोवती गुंडाळली, पेन्सिलीने खूण केली आणि कामाला लागली. सुरुवातीला मी पाटीएवढी होते. तिच्या हातांखाली आटत आटत डोक्याएवढी झाले, मग लाकडी साच्यावर ताणली गेले आणि वाफ खाऊन सुकले. टोपीवाल्यांनी मला उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिले आणि काही न बोलता खिडकीतल्या फळीवर ठेवले. तिथे फक्त उत्तम हॅट ठेवत. मी फुगून गेले, आणि पोरगी तर त्या दुपारी दोनदा जेवली.

पण एक घोटाळा झाला होता. त्या कारखान्यात माप घेण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न ठरलेला असे, केस कधी कापणार. उत्साहाच्या भरात पोरगी तोच विचारायला विसरली. आणि बँडमास्तरांनी काय करावे, तर नव्या हॅटच्या सन्मानार्थ न्हाव्याकडे जाऊन केस बारीक करून आले. रविवारी बागेत कार्यक्रम होता. त्यांनी काठी उचलली, लोकांना वाकून नमस्कार केला, आणि मी सरकन त्यांच्या नाकावर आले. कर्णेवाल्याचा दम हसण्यात गेला. सगळी बाग हसली, बँडमास्तरही हसले. तिसऱ्या बाकावर पोरगी मात्र पांढरीफटक पडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्यांनी मला हातात घेतले. कातडी पट्टी उसवली, पोरीने माप घेतलेला तोच कागद खिळ्यावरून काढला, माझ्या आतून फिरवून पाहिला. त्यावर पेन्सिलीने काही लिहिले, उभ्या घड्या घातल्या आणि तो पट्टीखाली सारून टाके घातले. मी नीट बसू लागले. लिहिण्याचे कोणाला नवल वाटले नाही, कारण ती त्यांची रीतच होती. पुढे कधी हॅट उघडणाऱ्या कारागिराला कळावे म्हणून ते गिऱ्हाइकाच्या डोक्याविषयी दोन शब्द लिहून आत ठेवत. कोणाच्या कानामागे टेंगूळ असे, कोणाला घाम फार येई. पोरगी तेव्हा पाठमोरी उभी होती. तशीच उभी राहून ती म्हणाली, "बाबा, यापुढे मापं तुम्हीच घ्या."

टोपीवाल्यांनी तोंड उघडले, मिटले, आणि म्हणाले, "बरं."

बँडमास्तरांकडे माझे दिवस फार सुखात गेले. ते मला मऊ ब्रशने साफ करत, भिजले तर चुलीपासून लांब वाळवत. त्यांचे केस पुन्हा काही वाढले नाहीत. आधी हौसेने कापत, पुढे टकलाने ती कटकटच मिटवली. त्यामुळे कागद होता तिथेच राहिला. तालमीच्या वेळी मी जिन्याखालच्या खुंटीवर असे आणि तिथून कारखाना दिसे. गिऱ्हाईक आले की टोपीवाले पट्टी घेत आणि पोरगी लगबगीने पाण्याच्या पिंपाकडे वळे. अशी कितीतरी वर्षे गेली. मग टोपीवाल्यांचे हात थरथरू लागले, आणि एके दिवशी ते गेले, त्यांची स्वतःची हॅट खुंटीवरच राहिली.

आता माप घेणे तिलाच भाग होते. ती प्रत्येक डोके तीन वेळा मोजू लागली. गिऱ्हाइके थट्टा करत, ताई, डोकं तेच आहे हो. ती हसे आणि तिसऱ्यांदा मोजेच. मित्रांनो, मला फार वाईट वाटे. त्या कागदावरचे अक्षर न् अक्षर मला पाठ होते, पण हॅटला तोंड कुठे असते?

बँडमास्तर थकले, मग गेले. घरच्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवले. प्रेमानेच ठेवले, पण सात वर्षांत श्वास कोंडला आणि काठाला कसर लागली. शेवटी त्यांच्या नातीने मला खाली काढले. ती आता त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. आजोबांची हॅट घालूनच वाजवणार, असे म्हणत ती मला थेट कारखान्यात घेऊन आली.

टोपीवाल्यांची ती पोरगी आता सगळ्यांची ताई होती आणि ताईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखले आणि त्यांचा चेहरा उतरला. कातरीने त्यांनी पट्टी उसवली. कागद निघाला. चष्मा लावून त्यांनी घड्या उलगडल्या. वडिलांचे अक्षर होते. 'पोरीचं माप बिनचूक. केस न्हाव्याने नेले.'

ताई स्टुलावर बसल्या. पुन्हा वाचले. नात घाबरून विचारू लागली, काय झालं, हॅट फुकट गेली का?

"नाही गं," ताई डोळे पुसत हसल्या. "बाबा बोलले."

मित्रांनो, हॅटला प्लास्टिकमध्ये कोंडू नका, माथ्याला चिमटीत धरून उचलू नका, महिन्यातून एकदा ब्रश फिरवा. एवढ्यावर आम्ही तुमच्या नातवंडांच्या डोक्यावरही दिमाखात बसू. आणि कोणाचे काम मनापासून आवडले, तर ते त्याच्या तोंडावर सांगा. आमच्या पट्टीखाली ठेवू नका.

माझ्या काठाला आता ठिगळ बसले आहे आणि नात न्यायला येईपर्यंत मी खिडकीतल्या फळीवर आहे. पण त्या दिवशीचे राहिलेच. ताईंनी कागदाची नवी पट्टी उचलली आणि आधी विचारले, "केस कधी कापणार?"

"कापणार नाही, वाढवतेय," नात म्हणाली.

ताईंनी पट्टी तिच्या डोक्याभोवती गुंडाळली, पेन्सिलीने खूण केली आणि पट्टी खाली ठेवली. माप त्यांनी एकदाच घेतले.