अप्पांची गाडी तीन इंच वर

अप्पा म्हणाले, "गाडी उंच करून द्या," तेव्हा मला आधी वाटलं, रोजच्या ग्राइंडरच्या आवाजानं माझे कानच गेले.

मी वेगळंच बोलायच्या तयारीत होतो. आदल्या दिवशी जेवताना बायकोनं बजावलं होतं, "आमच्या अप्पांना आता गाडी सोडायला लावा. तुमचं ऐकतील. मी बोलले की ते लगेच कान झाकून घेतात." सासऱ्यांचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि हातात ती दोन दारांची, चारही चाकं ओढणारी छोटी डोंगरी गाडी. बायकोला एकाच फोनची धास्ती होती. अप्पांना काही झाल्याचा, नाहीतर अप्पांमुळे दुसऱ्या कुणाला काही झाल्याचा. मी हो म्हणून बसलो होतो. नको असलेला निरोप पोचवायला घरात जावई असतोच.

आणि सकाळी गॅरेज उघडतोय तोवर अप्पाच दारात हजर.

"बॉडी लिफ्ट करा. तीन इंच."

हा शब्द त्यांनी कुठून उचलला देव जाणे. काम तसं साधं आहे. अशा गाडीची बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, आठ ठिकाणी रबराच्या गाद्यांवर टेकलेली असते. तिथले बोल्ट काढायचे, बॉडी जॅकनं उचलायची, मध्ये नायलॉनचे ठोकळे घालायचे आणि लांब बोल्टनं पुन्हा आवळायची. लोक हे करतात ते मोठे टायर बसावेत म्हणून. टायर तेच ठेवले तर गाडीचं पोट जमिनीपासून होतं तेवढंच राहतं, नुसती दारं वर जातात.

"टायर कुठले घालायचे?" मी विचारलं.

"आहेत तेच."

"मग उंच कशाला?"

"हौस, जावईबापू."

हौस! ज्या माणसानं सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक चार वर्षं काढलं नाही, त्याला हौस! मी डोक्याला हात लावला. दुपारी हिला फोन केला तर ही माझ्यावरच उखडली. "तुम्हाला समजावायला सांगितलं होतं, लाड करायला नाही. म्हातारचळ लागलाय त्यांना." मग म्हणाली, "पण घ्या कामाला. तेवढे दिवस तरी गाडी तुमच्याकडे पडून राहील." हे मात्र मला पटलं.

पहिला दिवस सोडवासोडवीत गेला. बॅटरीची वायर, गिअरचा दांडा, पेट्रोल भरायची नळी, रेडिएटरच्या पंख्याचं कवच, स्टिअरिंगचा जोड. बॉडी वर जाताना यातलं एक जरी विसरलं तरी ताणून तुटतं. अप्पा स्टुलावर बसून बघत होते. उठताना बाजूला ठेवलेला नटांचा डबा त्यांच्या पायानं उडाला आणि पंचवीसेक नट गाडीखाली पांगले. दहा मिनिटांनी चहाचा ग्लास गेला. 'दिसत नाही का' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नात्यानं सासरे पडले, म्हणून गिळलं. डाव्या बाजूच्या पत्र्यावर एक लांबलचक ओरखडाही होता. विचारलं तर म्हणाले, "असेल जुना." जुना नव्हता, आतला पत्रा अजून चकचकत होता.

दुसऱ्या दिवशी मी लेथवाल्याकडून दोन इंचांचे ठोकळे घेऊन आलो. छोट्या गाडीला दोन पुष्कळ झाले, तीन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. परत येऊन बघतो तर अप्पा मागच्या भिंतीपाशी. जॅकखाली ठेवायच्या फळ्या त्यांनी एकावर एक रचल्या होत्या आणि भिंतीला हात लावून वर पाय टाकून बघत होते. शेजारी माझा टेप उघडा पडलेला.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हातारबुवांनी स्वतःच्या गुडघ्यांचा विचार तरी केला.

"काळजी करू नका, अप्पा. दोनच इंच करतोय. थोडं कण्हत का होईना, चढाल तुम्ही."

त्यांचा चेहरा पडला. अगदी लहान मुलासारखा पडला. "दोन नको. दोनला पाय जातो माझा."

"म्हणजे?"

"तीनला जात नाही. चार वेळा बघितलं."

मला काहीच कळेना. पाय जात नाही म्हणून तीन हवेत? उलटं ऐकतोय की काय मी? आणि मग मला रागच आला. दोन दिवस गाडीखाली पाठ मोडून घेत होतो, आणि यांचं आपलं ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं.

"अप्पा, सरळ सांगा. नाहीतर आहे तशी आवळतो आणि पाठवून देतो."

ते फळ्यांवरच बसले. "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते राखा. समोरचं दिसतं मला. कडेचं नाही." मग पँटवरची धूळ झटकली. "गेल्या महिन्यात वळणावर एक बाई होती. कडेवर पोर. माझ्या लेखी ती नव्हतीच. तिच्या हातातली पिशवी पडली, ती किंचाळली, तेव्हा मला कळलं की तिथे कुणीतरी आहे. पोराचा पाय गाडीपासून एवढ्यावर होता." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "तिला चुकवायला गाडी झटक्यात वळवली, ती कुंपणाला घासली."

"मग गाडी विकून टाका ना! मी विकतो."

"का विकली म्हणून विचारेल माझी लेक. आणि विकेपर्यंत? रोज सकाळी ठरवतो आज नाही, आणि हात किल्लीवर जातो. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला. चढताच आलं नाही तर सुटलो."

"तिला सांगा की डोळ्यांचं."

"सांगेन. माझ्या तोंडानं, माझ्या वेळेला. डोळे गेले म्हटलं की ती मला अंघोळीलासुद्धा हात धरून नेईल. गुडघे काय, सगळ्यांचेच जातात."

मला हे पटलं की नाही, आजही सांगता येत नाही. बायकोपासून लपवायचं, तेही तिच्याच बापाचं. पण त्या पोराचा पाय काही डोळ्यांपुढून हलेना. मी लेथवाल्याकडे परत गेलो आणि तीन इंचांचे ठोकळे करून आणले. स्टिअरिंगच्या जोडाला तुकडा वाढवला, पेट्रोलची नळी लांब घातली, आठही बोल्ट दोनदा तपासले. काम चोख झालं. गाडी मात्र आखूड पँट घालून उभ्या राहिलेल्या पोरासारखी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ही तिच्या गाडीतून अप्पांना घेऊन आली. अप्पांनी उंच केलेल्या गाडीचं दार उघडलं, वर धरलं, पाय उचलला. पाय काठाला लागून खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी गुडघा हातानं उचलायचा प्रयत्न केला. हे सगळं त्यांनीच मागून घेतलं होतं हे मला माहीत होतं, तरी मला तिकडे बघवेना. त्यांना तरी असं होईल हे ठाऊक होतं का, कोण जाणे. पण हे नाटक नव्हतं.

मला वाटलं होतं, ही मनातून 'सुटले' म्हणेल. तिलाच तर हे हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी.

"पायरी लावा," ती मला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. अहो, वेल्डिंगचं मशीन समोर आहे ना? दाराखाली एक पायरी लावा त्यांना."

"अगं, पण तूच म्हणत होतीस..."

"काय म्हणत होते ते म्हणत होते! स्वतःच्या गाडीत चढता येत नाहीये त्यांना!"

अप्पा माझ्याकडे बघत होते. सरळ. सरळ तेवढंच त्यांना दिसत होतं.

"नाही लागणार पायरी," मी म्हणालो.

"का नाही लागणार? परवाच ट्रकला लावलीत."

"ट्रकची गोष्ट वेगळी. हिला नाही लागत. मला नाही जमत."

एवढं धडधडीत खोटं मी धंद्यात कधी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. ती माझ्याजवळ आली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या बापाचे पाय तोडलेत तुम्ही."

"त्यांना बोलू नकोस," अप्पा म्हणाले. "मीच मागितलं होतं. हौस." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "राहू दे गाडी इथेच. चल, मला घरी सोड."

ती पुढे होऊन तिच्या गाडीचं दार उघडून उभी राहिली. अप्पा चालत गेले ते उघड्या दाराच्या कडेवर खांदा आपटूनच थांबले. तिनं चटकन त्यांचा दंड धरला.

"गुडघा दुखला ना, अप्पा?"

"हो गं," अप्पा म्हणाले. "गुडघाच."