खंडेनवमीचं कुंकू

माझा भाऊ आशय सकाळपासून कम्प्युटरची रॅम ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवत होता, कुठवर टिकते ते बघायला. कॅबिनेट उघडंच. हात लावाल तर याद राखा, असं तो अख्ख्या नागरवाड्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला होता.

पण खंडेनवमी होती. हत्याराला कुंकू लावलं की ते चालवणाऱ्याच्या कपाळी लावायचं, ही आमच्या घरची रीत. आबांनी, आमच्या वडिलांनी, पणजोबांची गायकवाडी फौजेतली तलवार पुजली. "पोराचं हत्यार हे," म्हणत ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी थेट चालू रॅमवर टेकवलं. चट्‌ झालं आणि स्क्रीन काळी पडली.

आशयने शिवी हासडली, आबांचा उजवा हात पिरगाळला आणि त्यांना भिंतीवर आपटलं. मनगट मोडल्याचं मला दारात ऐकू आलं. मेल्याचं थोबाड फोडलं मी. कुंकवाचं पितळी तबक त्याच्या डोक्यात घालायला उचललं.

भिंतीशी बसलेल्या आबांनी सांडलेल्या कुंकवात डावं बोट बुडवलं.

"पूर्वी, थांब. त्याला लावायचं राहिलंय," ते म्हणाले. "आशय, डाव्या हाताने चालेल ना रे?"